सातबाऱ्यावर न येणारी मिळकत

शेतकऱ्याची मिळकत किती, असा प्रश्न कोणीं केला असतां त्याचें उत्तर देण्याची एक ठरलेली रीत आपल्याकडे आहे. तलाठ्याकडून सातबाऱ्याचा उतारा काढावा, म्हणजे गट नंबर कोणता, क्षेत्र किती, आकार किती, कब्जेदार कोण, इतर हक्कांत कोणाचा बोजा आहे, पाणी विहिरीचें कीं पाटाचें, आणि कोणत्या हंगामांत कोणतें पीक उभें होतें, हें सर्व एका कागदावर दिसतें. नोकरीचीं सर्व वर्षें महसुली दप्तरांत घालविल्यामुळें हा कागद आमच्या चांगल्या परिचयाचा आहे, व त्याविषयीं आमच्या मनांत आदरही आहे. वडिलोपार्जित जमिनीचा हक्क ज्या कागदाच्या आधारें टिकतो त्यास कमी लेखणें शेतकऱ्यास परवडणारें नाहीं. तथापि या कागदावर न येणारी अशीही एक मिळकत प्रत्येक खातेदाराजवळ असते, आणि ती हातची जाईपर्यंत तिची किंमत कोणास कळत नाहीं, ही गोष्ट २०२० व २०२१ या दोन सालांनीं आपणां सर्वांस शिकविली. त्या मिळकतीचा हिशेब मांडावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

जागतिक आरोग्य संघटनेनें ११ मार्च २०२० रोजीं कोविडचा रोग ही जगाची महासाथ असल्याचें जाहीर केलें, आणि ५ मे २०२३ रोजीं त्याविषयींची जागतिक आणीबाणी संपल्याचें सांगितलें. त्यानंतर आपण सर्वजण पूर्ववत् व्यवहारास लागलों, तें योग्यच झालें. दुःख उराशीं धरून नांगर चालत नाहीं. परंतु व्यवहाराबरोबर पूर्वींची बेफिकिरीही परत आली आहे, असें आमच्या दृष्टीस येतें. ज्या वस्तूंसाठीं त्या दिवसांत जीव तळमळत होता, त्यांच्याकडे आज वळूनही कोणी पाहत नाहीं. म्हणून वाचकांपुढें हा विषय पुन्हां मांडणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

नीरेवरचा पूल

शिरवळ हें गांव पुण्याहून सुमारें ५० किलोमीटरांवर, पुणें-बंगलोर महामार्गावर आहे. गांवाच्या उत्तरेस नीरा नदी वाहते, आणि तीच येथें सातारा व पुणें या दोन जिल्ह्यांची सीमा आहे. नकाशावर ही सीमा ठळक रेघेनें दाखविलेली असते. परंतु नदीकांठच्या माणसांस ती रेघ कधीं दिसलीच नव्हती. अलीकडे खंडाळा तालुका, पलीकडे भोर तालुका. अलीकडच्या लेकी पलीकडे दिलेल्या, पलीकडच्या सुना अलीकडे आलेल्या. कोणाची जमीन एका तीरावर तर कोणाचा दुकानदार दुसऱ्या तीरावर. पूल ओलांडतांना आपण दुसऱ्या जिल्ह्यांत जात आहों, असें कोणाच्या मनांतही येत नसे.

२२ मार्च २०२० रोजीं एक दिवसाची जनता संचारबंदी झाली. दुसऱ्या दिवशीं राज्य शासनानें सर्व राज्यांत संचारबंदी पुकारून जिल्ह्यांच्या सीमा बंद केल्याचें जाहीर केलें, आणि २५ मार्चपासून सर्व देशांत टाळेबंदी सुरू झाली. तो दिवस गुढीपाडव्याचा होता. पुलापाशीं पोलिसांचा नाका बसला, आणि नकाशावरची रेघ एका रात्रींत प्रत्यक्ष भिंत होऊन उभी राहिली.

त्या काळीं आम्ही नोकरींत होतों, व प्रवासाच्या परवान्यासाठीं आलेले पुष्कळ अर्ज आमच्या नजरेखालून गेले. मुलीचे दिवस भरत आले आहेत, तिला बाळंतपणास माहेरीं आणावयाची आहे; विहिरीवरची मोटार जळाली आहे, ती वाइंडिंगसाठीं पलीकडच्या गांवीं न्यावयाची आहे; आईचा दहावा आहे; गाय अडली आहे; असल्या कारणांनीं ते कागद भरलेले असत. प्रत्येक कारण खरें होतें, आणि प्रत्येक कारण निकडीचें होतें. परंतु ते अर्ज चाळतां चाळतां एक गोष्ट आमच्या लक्षांत आली. 'सहज भेटून येतों' असें कारण एकाही अर्जांत नव्हतें; कारण 'सहज' या कारणास परवाना मिळतच नव्हता. आणि विचार करून पाहिलें तर आपलें निम्मेंअधिक जाणेंयेणें हें सहजच असतें. बहिणीच्या दारावरून जातांना आंत डोकावावें, व्याह्याच्या शेतांतला कांदा कसा आला आहे तें पाहावें, पारावर घटकाभर टेकावें, यांत कोणतें निकडीचें काम असतें? तरी त्यावरच नातीं टिकतात, सोयरिकी जुळतात, बैल-औजारांची उसनवारी होते, आणि बांधाचे तंटे कचेरींत येण्यापूर्वींच मिटतात. जिल्ह्याबाहेर जावयाची परवान्याची अट २ सप्टेंबर २०२० पासून उठली. तत्पूर्वीं २० ऑगस्टपासून एस.टी.ची जिल्ह्याबाहेरची वाहतूक सुरू झाली होती. म्हणजे पांच महिने नदीच्या दोन तीरांवरच्या माणसांस 'सहज' भेटतां आलें नाहीं. हा तोटा कोणत्याही पंचनाम्यांत आलेला नाहीं.

आठवड्याचा बाजार

दुसरी वस्तु बाजार. आठवड्याचा बाजार आपल्या इतका अंगवळणीं पडलेला आहे कीं तो सूर्य उगवावा तसा आपोआप भरतो, अशी आपली समजूत झालेली असते. केंद्र शासनानें २७ मार्च २०२० रोजीं शेतीचीं कामें, खत-बियाण्यांचीं दुकानें व बाजार समित्या यांस टाळेबंदींतून मोकळीक दिली खरी; परंतु पीक काढण्याची मोकळीक असणें व तें विकलें जाणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आठवडे बाजार बंद राहिले, आणि पुण्याच्या गुलटेकडीच्या मार्केट यार्डांतील व्यवहारही त्या उन्हाळ्यांत कांहीं आठवडे बंद ठेवावे लागले. वाई-महाबळेश्वराकडील स्ट्रॉबेरी ही प्रवासी लोकांच्या व हॉटेलांच्या भरंवशावर पिकविलेली. ऐन तोडणीच्या वेळीं गिऱ्हाईक नाहींसें झालें, आणि आपल्या जिल्ह्यांतील एका बागाईतदारानें तीं फळें गाईंपुढें टाकल्याची वार्ता देशोदेशींच्या वृत्तपत्रांत छापून आली. तासगांवकडे पुष्कळांनीं द्राक्षें पडत्या भावानें देण्यापेक्षां त्यांचा बेदाणा करून ठेवला. ज्याच्या मालास दुसरी वाट होती तो तगला. ज्याच्या मालास एकच वाट होती, त्याची ती वाट बंद होतांच माल व मालक दोघेही अडले.

दुधाची गोष्ट याहून कठीण. गुराढोरांस टाळेबंदी ठाऊक नसते. गाय सकाळ-संध्याकाळ पान्हा सोडावयाचीच. शहरांतील हॉटेलें, मिठाईचीं दुकानें व चहाच्या टपऱ्या बंद पडल्या, तसें दूध शिल्लक राहूं लागलें, भाव घसरला. राज्य शासनानें त्या सालच्या एप्रिलपासून रोज १० लाख लिटर शिलकी दूध लिटरास २५ रुपये दरानें घेऊन त्याची भुकटी करण्याची योजना केली, तरीही जुलै महिन्यांत दूध उत्पादकांस दरासाठीं आंदोलन करावें लागलें. पुण्या-मुंबईच्या कोपऱ्यावरचा चहावाला आणि आपल्या गोठ्यांतली गाय यांचा इतका जवळचा संबंध आहे, हें त्यापूर्वीं आपल्यापैकीं किती जणांच्या ध्यानांत आलें होतें?

याच बाजारांत आणखी एक उत्पन्न असतें, तें पुरुषांच्या हिशेबांत क्वचितच येतें. मेथीच्या जुड्या, शेवग्याच्या शेंगा, अंडीं, ताकलोणी हें घेऊन घरची लक्ष्मी बाजारास जाते, आणि येतांना मीठमिरची, मुलाची वही व दोनचार नोटा पदराच्या गांठीस बांधून आणते. हा पैसा कोणत्याही पाहणीपत्रकांत चढत नाहीं. पण दूधभाकरीचा खर्च पुष्कळ घरांत यावरच चालतो. बाजार बंद झाला तेव्हां ही गांठ रिकामी झाली, आणि मग कोठें यजमानास तिचा पत्ता लागला.

तरी एक गोष्ट शेतकऱ्यास अभिमान वाटावा अशी घडली, तीही सांगितली पाहिजे. २०२० सालच्या एप्रिल ते जून या तिमाहीचे जे आंकडे शासनानें प्रथम प्रसिद्ध केले, त्यांत देशाचें एकंदर उत्पादन मागील सालच्या त्याच तिमाहीपेक्षां शेंकडा २३.९ इतकें खालीं आलेलें होतें. शेतीचें मात्र शेंकडा ३.४ नें वाढलेलें होतें. कारखान्यांचीं चाकें थांबलीं, पण पेरणी थांबली नाहीं. शहरांतून घरीं परतलेल्या आपल्याच लेंकरांस कणगींतील ज्वारी-बाजरीनें त्या दिवसांत पोसलें. विकत मिळतें म्हणून घरचें धान्य सांठविण्याची चाल ज्यांनीं मोडली होती, त्यांस तिचें शहाणपण त्या वेळीं पटलें.

परक्याचे हात

तिसरी वस्तु म्हणजे मजुराचे हात. मजूर मिळत नाहीं, मिळाला तर राबत नाहीं, ही तक्रार आपल्या तोंडीं नेहमींचीच आहे. परंतु ज्या हातांविषयीं आपण कुरकुर करतों, ते हात कोठून येतात व कोणत्या अडचणी सोसून येतात, याचा विचार आपण कितीसा करतों? टाळेबंदी लागली तेव्हां पश्चिम महाराष्ट्रांतील साखर कारखान्यांच्या परिसरांत ऊंसतोडणी करणारे बीड व इतर जिल्ह्यांतील कामकरी पालें ठोकून होते. हंगाम संपला, परंतु घरीं जावयास वाट नव्हती. अखेर १७ एप्रिल २०२० च्या सुमारास शासनानें त्यांस वैद्यकीय तपासणी करून गांवीं जाऊं देण्याचा निर्णय केला. त्यांची संख्या एक लाखाहून अधिक होती. शिरवळ-खंडाळ्याकडे कारखानदारी वाढल्यापासून उत्तरेकडील प्रांतांचे कामगारही येथें पुष्कळ आहेत. १ मेपासून त्यांच्यासाठीं श्रमिक रेलगाड्या सुरू झाल्या. तरी महामार्गानें डोक्यावर बोचकें व कडेवर मूल घेऊन पायीं जाणारीं कुटुंबें त्या उन्हाळ्यांत सर्वांनीं पाहिलीं आहेत.

शिरवळास दगडी बांधणीची एक जुनी पाणपोई उभी आहे. वाटसरूचा घसा ओला व्हावा, एवढ्यासाठीं कोणा पूर्वजांनीं एवढे दगड घडवून एवढी मजबूत इमारत कां उभारली असेल, असें आम्हांस पूर्वीं वाटे. बाटलींतलें पाणी कोणत्याही दुकानांत मिळणाऱ्या काळांत पाणपोई ही केवळ पाहण्याची वस्तु होऊन बसते. परंतु महामार्गावरचीं हॉटेलें बंद झालीं, दुकानें बंद झालीं, आणि रस्त्यानें चालणाऱ्या माणसास पिण्याचें पाणी मागण्यासाठीं परक्याच्या दारीं उभें राहावें लागलें, तेव्हां त्या दगडांचा अर्थ उलगडला. रस्त्याकडेच्या गांवांतून पुष्कळांनीं त्या वेळीं पाण्याचे हंडे व भाकरींच्या चवडी बाहेर आणून ठेवल्या. त्यांनीं पूर्वजांची पाणपोईच चालू ठेविली, असें आम्ही समजतों. आणि पुढच्या हंगामांत कामकरी परत आले नाहींत कीं उशिरा आले, तेव्हां उभ्या ऊंसापुढें हात चोळीत बसण्याची पाळी ज्यांच्यावर आली, त्यांस त्या परक्या हातांची किंमत वेगळी सांगावयास नको.

शाळेची घंटा

शाळेची घंटा ऐकून वेळ ओळखण्याची संवय गांवांतील माणसांस असते. ती घंटा मार्च २०२० च्या मध्यास थांबली. दहावीचा भूगोलाचा पेपर त्या वर्षीं झाला नाहीं, आणि २०२१ सालीं तर दहावीची सर्व परीक्षाच रद्द झाली. नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२० पासून, व पांचवी ते आठवीचे २७ जानेवारी २०२१ पासून स्थळोस्थळीं उघडूं लागले; परंतु दुसरी लाट येतांच ते पुन्हां बंद झाले. खेड्यांतील पहिली ते चौथीचीं मुलें १ डिसेंबर २०२१ रोजीं शाळेंत आलीं. याचा अर्थ असा कीं, जें मूल जून २०२० मध्यें पहिलींत दाखल झालें, त्यानें पहिलीचें सबंध वर्ष व दुसरीचें निम्में वर्ष वर्गाचें तोंड पाहिलें नाहीं.

मोबाइलवर शिक्षण चालू होतें, हें खरें. परंतु घरांत मोबाइल एक, शिकणारीं मुलें तीन, आणि तो मोबाइलही दिवसभर बापाबरोबर शेतावर. असा प्रकार पुष्कळ घरांत होता. पाढे म्हणून घ्यावयास, अक्षर वळवावयास, आणि मधल्या सुटींत मारामारी करून पुन्हां एका ताटांत जेवावयास शिकविणारी जागा दुसरी नाहीं. मास्तरांच्या सुट्यांची चेष्टा करणारे पालकच त्या दिवसांत 'शाळा केव्हां उघडणार?' असें दर आठवड्यास विचारीत होते. पोराचें अक्षर बिघडलेलें दिसतें, बी बिघडल्यासारखें तें एकदम डोळ्यांत भरत नाहीं. पण दोहोंचा परिणाम पुढच्या पिकावर होतो.

खांदा आणि दिंडी

यापुढची वस्तु सांगतांना लेखणी अडखळते. मेलेल्या माणसास चार खांदे मिळावेत, ही आपल्याकडे गरिबांतल्या गरिबाचीही हक्काची मिळकत. गांवांत वैर असलें तरी मयतीस कोणी चुकत नाहीं. त्या काळीं अंत्यविधीस २० व लग्नास ५० माणसांची मर्यादा शासनानें घातली. रोगाच्या प्रसारास आळा घालण्यासाठीं ती जरूर होती, याविषयीं आमचें दुमत नाहीं. परंतु रोगानें गेलेल्या माणसाचें तोंडही घरच्यांस दुरूनच पाहावें लागे, परके कर्मचारी नखशिखांत झाकलेल्या पोशाखांत अग्नि देत, आणि शेजारी आपापल्या दारांत हात जोडून उभे राहत. सांत्वनासाठीं कोणी ओसरीवर येऊन बसत नसे. ज्या शेजाऱ्याशीं आयुष्यभर बांधावरून वाद घातला, त्याचा खांदाही आपल्या मिळकतीचाच भाग होता, हें पुष्कळांस तेव्हां उमगलें.

आनंदाच्या गर्दीचेंही तेंच झालें. आषाढांत ज्ञानोबारायांची पालखी नीरा ओलांडतांना पादुकांस स्नान घडतें, आणि पाडेगांवावरून ती आपल्या जिल्ह्यांत शिरून खंडाळा तालुक्यांतील लोणंदास मुक्काम करते. पालखीच्या दिवसांत रस्ता अडतो, भाजी महागते, शेताच्या कडेला घाण होते, असें म्हणणारे लोक दर वर्षीं भेटतात. २०२० सालीं ३० जून रोजीं त्या पादुका एस.टी.च्या गाडींतून, मोजक्या वारकऱ्यांसह, पंढरपुरास गेल्या. २०२१ सालींही तसेंच झालें. त्या दोन आषाढांत रस्ता मोकळा होता, भाजी पडून होती, आणि तो मोकळा रस्ता पाहून कोणासही बरें वाटलें नाहीं. मांढरदेवच्या काळूबाईची यात्राही २०२१ सालीं भरली नाहीं. २०२२ च्या आषाढांत दिंड्या पुन्हां पायीं चालूं लागल्या. त्या वेळीं टाळांचा आवाज ऐकून जे डोळे पुसले गेले, ते भाविकांचेच होते असें नाहीं.

वास, चव आणि श्वास

या सर्वांहून जवळची वस्तु आपलें शरीर. या रोगांत पुष्कळांचा वास घेण्याचा व चव कळण्याचा गुण कांहीं दिवस, कोणाचा कांहीं महिने, नाहींसा झाला. शेतकऱ्याचें नाक हें त्याचें हत्यारच आहे. वैरणीस बुरशी आली कीं नाहीं, दूध नासलें कीं टिकेल, काकवी लागली कीं गूळ उतरावयाचा झाला, हें तो नाकानेंच ओळखतो. ज्यास त्या जूनमध्यें पहिल्या पावसाचा मातीचा वास आला नाहीं, आणि पुढें एके दिवशीं तव्यावरच्या भाकरीचा वास अचानक परत आला, त्यास स्वर्गसुखाचें वर्णन कोणत्याही पोथींत शोधावें लागणार नाहीं.

आणि श्वास. हवेंत शेंकडा सुमारें २१ भाग प्राणवायु असतो. निरोगी माणूस दिवसाकाठीं सुमारें २० हजार वेळां श्वास घेतो, व त्यांतल्या एकाचीही त्यास आठवण नसते. २०२१ च्या एप्रिलमध्यें हाच प्राणवायु मिळविण्यासाठीं माणसें रात्रभर फिरत होतीं. १९ एप्रिल रोजीं कळंबोलीहून रिकामीं टाक्यांचीं वाहनें रेलगाडीवर चढवून विशाखापट्टणमास पाठविलीं, आणि तीं भरून २३ व २४ तारखेस नागपूर व नाशिक येथें परत आलीं. याच दिवसांत, २१ एप्रिल रोजीं, नाशिकच्या एका रुग्णालयांत प्राणवायूच्या टाकीस गळती लागून वीसहून अधिक रोगी दगावले. बोटास लावावयाच्या लहानशा यंत्रावर आंकडा ९५ च्या खालीं गेला कीं घरादाराचा जीव टांगणीस लागत असे. ज्या वस्तूस बांधावरची झाडें दिवसभर फुकट तयार करीत असतात, तिच्यासाठीं लोकांनीं दागिने मोडले.

मागील साथी आणि आपला विसरभोळेपणा

महासाथ आपल्या भागास नवी नाहीं. २०२० च्या मार्चमध्यें शासनानें ज्या साथरोग कायद्याचा आधार घेतला, तो कायदा १८९७ सालचा, मुंबई-पुण्याच्या प्लेगच्या वेळचा होता. शिरवळपासून जवळच, याच खंडाळा तालुक्यांत, नायगांव आहे. तेथें ३ जानेवारी १८३१ रोजीं सावित्रीबाई फुले यांचा जन्म झाला. मुलींस शिकविणाऱ्या म्हणून आपण त्यांस ओळखतों, तें यथार्थच आहे. परंतु त्यांचा अंत साथींत झाला, ही गोष्ट या ठिकाणीं विशेष आठवते. पुण्यांत प्लेग पसरला तेव्हां त्यांचे पुत्र डॉक्टर यशवंत यांनीं हडपसरच्या बाजूस माळावर दवाखाना घातला, आणि सावित्रीबाई तेथें रोग्यांची सेवा करूं लागल्या. मुंढव्याकडील एका आजारी मुलास त्यांनीं स्वतः उचलून दवाखान्यांत आणलें. त्यांतच त्यांस प्लेगची बाधा होऊन १० मार्च १८९७ रोजीं त्यांनीं देह ठेवला. ज्या काळीं जवळचें माणूसही दूर सरतें, त्या काळीं परक्याचें मूल पाठीवर घेण्याइतकी मोठी मिळकत आपल्या तालुक्याच्या नांवावर आहे.

पुढें १९१८ सालीं इन्फ्लुएंझाची साथ आली. हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें तिनें नेलीं. १९११ पेक्षां १९२१ च्या खानेसुमारींत देशाची लोकसंख्या कमी भरली, व असें त्यानंतर पुन्हां कधीं झालें नाहीं. एवढा मोठा घाला. पण आपल्या गांवांतून त्याची आठवण सांगणारें काय उरलें आहे? आज्या-पणज्या 'मानमोडी' म्हणून तिचें नांव घेत, तेंही नांव आतां लोपलें. गांव सोडून रानांत झोपड्या घालून राहिल्याच्या प्लेगच्या गोष्टीही तशाच गेल्या. याचा परिणाम असा झाला कीं १०२ वर्षांनीं जेव्हां तोच प्रसंग आला, तेव्हां दूर राहणें, हवा खेळती ठेवणें, तोंड झांकणें हीं जुनींच शहाणपणें आपणांस पहिल्यापासून शिकावीं लागलीं. आठवण ठेवणें म्हणजे शोक करीत बसणें नव्हे. तेंही एक बेणेंच आहे, आणि बेणें न राखणारा शेतकरी पुढच्या सालीं दुसऱ्याच्या दारीं जातो.

आतां काय करावें

नुसती आठवण काढून लेख संपविणें आमच्या वाचकांस रुचणार नाहीं. म्हणून कांहीं सूचना करतों. त्यांत पैशाचा खर्च फारसा नाहीं.

पहिली गोष्ट, गांवच्या आरोग्य उपकेंद्राकडे ग्रामसभेनें दर तीन महिन्यांनीं एकदां तरी लक्ष द्यावें. तेथें पाणी आहे कीं नाहीं, दिवा लागतो कीं नाहीं, हें पाहण्यास डॉक्टर असावें लागत नाहीं. १६ जानेवारी २०२१ पासून लस टोचण्यास आरंभ झाला. नीरेपलीकडे पुण्यांत १९६६ सालीं स्थापन झालेल्या सीरम इन्स्टिट्यूटनें लाखों कुप्या भरल्या. परंतु ती लस आपल्या दंडापर्यंत पोंचविली ती उपकेंद्राच्या परिचारिकेनें व दारोदार फिरलेल्या आशाताईनें. त्यांची आठवण आजारापुरती ठेवूं नये.

दुसरी गोष्ट, जी एस.टी. गांवांत येते तिच्यानें आठवड्यांतून एक तरी फेरी करावी. घरीं मोटारसायकल आहे म्हणून गाडी रिकामी जाऊं दिली, तर एके दिवशीं ती फेरी बंद होईल, आणि त्या दिवशीं म्हातारी माणसें व शाळेच्या मुली यांची टाळेबंदी पुन्हां सुरू होईल.

तिसरी गोष्ट, शाळेंत महिन्यांतून एकदां जाऊन बसावें. मुलानें काय वाचलें तें त्याच्याच तोंडून ऐकावें. २०२० सालीं ज्यांचा पाया कच्चा राहिला तीं मुलें अजून शिकत आहेत. त्यांची आबाळ भरून काढणें ही एकट्या शिक्षकाची जबाबदारी नव्हे.

चौथी गोष्ट, मालास दुसरी वाट ठेवावी. नासणाऱ्या मालावरच सर्व भार टाकूं नये. कांद्यास चाळ, फळास सुकवणी, दुधास खवा-तूप अशी कांहीं तरी तजवीज पांच-दहा जणांनीं मिळून करावी. टाळेबंदींत पुण्यांतील सोसायट्यांच्या दारीं थेट भाजी पोंचविणारे जे गट निघाले, त्यांतील ओळखी मोडूं देऊं नयेत. घरच्या कणगींत सालभराचें धान्य व पुढच्या पेरणीचें बियाणें असावें, हें तर आपल्या वाडवडिलांनींच सांगून ठेविलें आहे.

पांचवी गोष्ट, प्रत्येक वाडीनें एक यादी करून ठेवावी. एकटीं राहणारीं वृद्ध माणसें कोणतीं, गांवच्या कडेला पालांत राहणारे मजूर किती, कोणाकडे गाडी आहे, रात्रीं-अपरात्रीं कोणास उठवितां येईल, एवढें तींत असावें. अशी यादी तयार करावयास कचेरीचा हुकूम लागत नाहीं, व ती साथीप्रमाणेंच पुरांत व आगींतही उपयोगी पडते.

सहावी व शेवटची गोष्ट सर्वांत सोपी आहे. नदीपलीकडे जी बहीण दिली आहे तिच्याकडे या आठवड्यांत कांहीं काम नसतांना जाऊन यावें. परवाना लागत नाहीं.

गांव नमुन्यांत नवा रकाना उघडण्याचा अधिकार आम्हांस नोकरींत असतांना नव्हता, आतां तर नाहींच. परंतु शेतकऱ्याच्या स्वतःच्या वहीवर कोणाचा हुकूम चालत नाहीं. आपल्याकडे पाडव्यास सालगड्याचा हिशेब होतो, नव्या सालाचीं कामें ठरतात. त्याच दिवशीं त्या वहीचें एक पान राखून त्यावर बाजार, पूल, शाळा, एस.टी., शेजारी, मजूर, दिंडी आणि निरोगी छाती, एवढीं नांवें लिहावींत. त्यांपुढें सालांत त्यांच्या दुरुस्तीसाठीं आपण काय केलें, तें मांडावें. जमिनीची मशागत केली नाहीं तर ती हरळीनें भरते. या मिळकतीचेंही तसेंच आहे. आमच्या वाचकांपैकीं थोड्यांनीं जरी येत्या पाडव्यास असें एक पान उघडलें, तरी हा लेख लिहिण्याचे श्रम सफल झाले, असें आम्ही समजूं.